अमीनाच्या खिडकीतून कैरो

इजिप्तला जाणाऱ्या बहुतेकांच्या यादीत पिरॅमिड, नाईलवरची बोट आणि संग्रहालय एवढ्यावर कैरोचे दोन दिवस संपतात. आई आणि मी फेब्रुवारीत गेलो तेव्हा आम्ही हा हिशोब उलटा मांडला होता. गिझाला एक सकाळ आणि जुन्या कैरोच्या गल्ल्यांना पूर्ण दोन दिवस दिले. याचे कारण इजिप्तचे कादंबरीकार नजीब महफूज. १९५६-५७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची तीन कादंबऱ्यांची मालिका प्रवासाला निघण्यापूर्वी मी इंग्रजीतून वाचून काढली होती, आणि त्या तिन्ही कादंबऱ्यांना कैरोतल्या खऱ्याखुऱ्या जागांची नावे आहेत: बैन अल-कसरैन, कस्र अल-शौक आणि सुक्करिया. इतका नेमका वाटाड्या पैसे मोजूनही मिळत नाही.

बैन अल-कसरैन म्हणजे दोन राजवाड्यांच्या मधली जागा. मध्ययुगात इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी खलिफांचे ते राजवाडे केव्हाच नाहीसे झाले, नाव मात्र मागे राहिले. पहिल्या कादंबरीच्या आरंभी अमीना मध्यरात्री लाकडी जाळीच्या सज्जात उभी राहून रंगेल नवऱ्याची वाट पाहत असते. त्या जाळीच्या सज्जाला तिकडे मशरबिया म्हणतात. बाहेरचे सगळे आतून दिसावे, पण आतली बाई बाहेरून कोणाला दिसू नये, अशी तिची रचना असते. मशरबियाच्या आतल्या बाजूला बसून पाहायचे असेल तर अल-मुइज्ज रस्त्यालगतच्या दर्ब अल-अस्फर गल्लीतले बैत अल-सुहैमी अजिबात चुकवू नये. १६४८ मध्ये बांधलेले आणि पुढे वाढवलेले हे घर तिकीट काढून पाहता येते. वरच्या मजल्यावरच्या जाळीशी आई बराच वेळ बसून राहिली आणि मग एवढेच म्हणाली, "ओटीवर कोण आलंय ते आम्ही माजघरातून अशाच बघायचो." तिचे आजोळ वाईचे. अमीना कोण, हे तिला त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

लग्नाला पंचवीस वर्षे झाली तरी अमीनाला एकटीने उंबरा ओलांडण्याची मुभा नसते. नवरा परगावी गेल्याची संधी साधून ती धाकट्या मुलाबरोबर हुसेनच्या मशिदीत जाते, परतताना मोटारीचा धक्का लागून तिचे गळपट्टीचे हाड मोडते आणि ती बरी होताच नवरा तिला माहेरी पाठवून देतो. कादंबरीत हा प्रवास एखाद्या मोठ्या यात्रेसारखा वाटतो. आम्ही सुलतान कलावूनच्या मशिदीपासून हुसेनच्या चौकापर्यंत चालत गेलो, तर आईच्या दुखऱ्या गुडघ्यांसकट दहा मिनिटे लागली. घड्याळ पाहून मी जागच्या जागी थांबले. घरबसल्या वाचताना हे अंतर कळण्यासारखे नव्हते.

महफूज यांच्या मालिकेबाहेरच्या एका कादंबरीतली अल-मिदक गल्लीही तिथून जवळच आहे, पण ती शोधताना आमची फसगत झाली. वाट दाखवतो म्हणून पुढे झालेल्या एका भल्या वाटणाऱ्या गृहस्थाने आम्हांला थेट अत्तराच्या दुकानात नेऊन बसवले. चहा पिऊन, काहीही न घेता उठायला अर्धा तास गेला. गल्ली सनादिकिया रस्त्यालगत आहे. चार पायऱ्या चढून गेले की लगेच संपते. इतक्या चिंचोळ्या जागेत एवढी माणसे मावली ती लेखकाच्या हातचलाखीने.

मागून येणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. मेट्रोच्या बाब अल-शारिया स्थानकावर उतरून बाब अल-फुतूह या उत्तरेकडच्या वेशीतून आत शिरावे आणि दक्षिणेला बाब झुवैलापर्यंत पायी यावे. सकाळी गर्दी कमी असते, मात्र शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदी पाहता येत नाहीत. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. सरकारी तिकीटघरांत बऱ्याच ठिकाणी फक्त कार्ड चालते, उलट बक्षिशीसाठी सुट्या नोटा सतत लागतात, तेव्हा दोन्हींची सोय असू द्यावी. शाकाहारी माणसाची कोशरी (भात, मसूर आणि मॅकरोनीचे मिश्रण), फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगदाण्यांची उसळ) आणि तामेया (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) यांवर उत्तम गुजराण होते. अल-अझर मशिदीजवळच्या जुन्या तकियात, म्हणजे सूफी साधकांच्या मठात, २०१९ मध्ये उघडलेले महफूज संग्रहालय आटोपशीर आहे. महफूज यांना मिळालेले १९८८ चे नोबेल आणि त्यांच्यावरचा १९९४ चा चाकूहल्ला या दोन्ही गोष्टी माहीत असलेल्याला तिथल्या साध्या वस्तू अधिक बोलक्या वाटतील. पुस्तके कैरोतच घ्यायची असतील तर तहरीर चौकाजवळच्या अमेरिकन विद्यापीठाच्या दुकानात इंग्रजी अनुवाद मिळतात. पण माझा सल्ला असा, की निदान पहिली कादंबरी घरूनच वाचून निघावे, कारण दिवसभराच्या पायपिटीनंतर हॉटेलात दहा पानेसुद्धा होत नाहीत.

लक्सरला गेल्यावर वाचन जवळजवळ चार हजार वर्षे मागे गेले. या वेळी सोबत होती सिनुहेची प्राचीन इजिप्शियन कथा. सिनुहे हा राजदरबारी माणूस राजाच्या मृत्यूची बातमी ऐकून घाबरून परदेशी पळतो आणि तिथे मानमरातब मिळूनही म्हातारपणी त्याला एकच ध्यास लागतो, आपला देह आपल्या मातीत पुरला जावा. नाईलच्या पश्चिम तीरावर राजांच्या दरीत गर्दी करणारे बहुतेक प्रवासी देर अल-मदिना ही कारागिरांची वस्ती वगळतात, ते करू नये. तिथल्या सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात या कथेचा आरंभ लिहिलेला चुनखडीचा मोठा तुकडा सापडला होता. तो आता तिथे नाही, पण भिंतींवर शेत नांगरणारे, कापणी करणारे जोडपे काल रंगवल्यासारखे ताजे आहे. खाली उतरायच्या पायऱ्या उभ्या आणि वाट ठेंगणी आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. आई वरच सावलीत बसली. परतताना सार्वजनिक होडीत तिला मी ती गोष्ट सांगितली.

"मग पोचला का तो घरी?" तिने विचारले.

"पोचला. राजाने त्याला पिरॅमिडसुद्धा बांधून दिला."