तुम्ही विचारलंत म्हणून : माझी गाडी लिटरला किती चालते?

लग्नाकार्यात, लोकमान्य नगरात आमच्या फाटकाशी, अगदी पंपावर मागे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांकडूनही मला एकच प्रश्न येतो : "गाडी छान पळते हो, पण ॲव्हरेज किती देते?" माझी गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस (अश्वशक्ती) ताकद, सात गिअरांचा डीएसजी, म्हणजे स्वतःच गिअर बदलणारा गिअरबॉक्स. माझे उत्तर असे : इंदूर शहरात लिटरला साडेनऊ ते साडेदहा किलोमीटर, महामार्गावर ताशी ८०-८५ च्या वेगाने २०, आणि त्याच महामार्गावर ११० ने गेलो तर १६ च्या आसपास. हे आकडे मी टाकी भरून मोजलेले आहेत, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथे थांबून, ट्रिप मीटर शून्यावर आणून, पुढच्या वेळी त्याच पंपावरच्या त्याच यंत्रावर भरून आणि धावलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागून. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर मी विसंबत नाही, कारण माझ्या हिशेबापेक्षा तो अर्धा-पाऊण किलोमीटर जास्त दाखवतो.

शहराचा आकडा ऐकून विचारणाऱ्यांची निराशा होते, कारण त्यांनी कुठेतरी १८.६७ वाचलेले असते. २०२२ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा दीड लिटर डीएसजीचा प्रमाणित आकडा तोच होता आणि तो मुळीच खोटा नाही. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांनुसार, एसी बंद ठेवून होते आणि तिच्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जाव्यात हा तिचा हेतू आहे. पलासिया चौराह्यावर तुमचा किती वेळ मोडेल हे तिने सांगावे, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

माझे ठाम मत असे आहे की शहरात इंजिनाच्या ताकदीपेक्षा ब्रेकमुळे अधिक पेट्रोल जाते. चालकासह साधारण १३०० किलो वजनाची गाडी ताशी ६० च्या वेगाला आणण्यासाठी जी ऊर्जा लागते, तिचा हिशेब पेट्रोलात केला आणि इंजिन इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवते हे ध्यानात घेतले, तर सुमारे वीस मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडते. पुढच्या लाल दिव्यावर ब्रेक दाबला की ते सारे ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात संपते. अशा पन्नास थांब्यांत एक लिटर गेले! म्हणून भंवरकुआँचा दिवा दुरूनच लाल दिसला की मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घेतो. गाडी गिअरमध्ये असताना असे केले की इंजिनाला होणारा इंधनपुरवठा पूर्ण बंद होतो आणि ते अंतर फुकट कापले जाते. ताकदवान इंजिनाचा इथे तोटा नसून उपयोगच आहे. २५० न्यूटन मीटरचा जोर इंजिनाच्या मिनिटाला १६०० फेऱ्यांपासूनच मिळत असल्यामुळे इंजिन पिळावे लागत नाही, आणि हलक्या भारावर चारांपैकी दोन सिलिंडर आपोआप विश्रांती घेतात. मात्र प्रत्येक दिव्यावरून पहिले निघण्याच्या हौसेने पाय पूर्ण दाबला की टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोलही द्यावेच लागते. जवळच्या फेऱ्यांचे नुकसान वेगळेच. घरापासून राजवाड्यापर्यंत जाताना इंजिन पुरते तापायच्या आत उतरायची वेळ येते, आणि थंड इंजिन अधिक पेट्रोल मागते.

महामार्गावर खरी कसोटी हवेची असते. आम्ही वर्षातून तीन-चारदा धुळेमार्गे नाशिकला जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ८५ वरून ११० वर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि माझे वीसचे सोळा का होतात याचे जवळजवळ संपूर्ण उत्तर तेवढ्यात आहे. येताना खलघाटला नर्मदा ओलांडली की माळव्याच्या पठारावर चढायचे असते. सुमारे चारशे मीटरच्या त्या चढाला अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल लागते. त्यामुळे केवळ जातानाचा आकडा कोणी सांगितला तर तो मी धरत नाही. याच घाटात उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारे लोक पाहून मला मनापासून भीती वाटते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जातच राहते, गिअरमध्ये ते जात नाही, आणि इंजिनाचा आधार सुटल्यावर सगळा भार ब्रेकवर येतो. बचत तर होतच नाही, उलट जीव धोक्यात येतो.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलबद्दलही विचारणा होते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. चाकांत हवा कमी असेल तर त्यात आणखी भर पडते. मी ती दर पंधरवड्याला, चाके थंड असताना तपासतो.

परवा भाच्याने विचारले, "मामा, मी घेऊ का हीच गाडी?" त्याचे रोजचे जाणे-येणे विजय नगरचे, महिन्याला साधारण १००० किलोमीटर, तेही सगळे गर्दीतले. मी त्याला ॲव्हरेज सांगितलेच नाही. या गाडीला महिन्याला १०० लिटर लागतील, त्याच गर्दीत लिटरला १५ देणाऱ्या छोट्या गाडीला ६७. ते वरचे ३३ लिटर तुला दर महिन्याला जड जाणार असतील तर घेऊ नकोस, एवढेच म्हणालो. दोन दिवस विचार करून त्याने गाडी घ्यायचे ठरवले आहे, आणि त्याची पहिली टाकी आम्ही दोघे मिळून मोजणार आहोत.