पित्तनलिकांचा आजार, यकृत प्रत्यारोपण आणि वहीतला एक आकडा : माझा अनुभव

प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव घालण्याआधी झालेल्या बैठकीत मी यकृततज्ज्ञांना सरळच विचारले होते, की या शस्त्रक्रियेनंतर माझ्यासारखे रुग्ण किती जगतात. त्यांनी सांगितले, की या आजारासाठी प्रत्यारोपण झालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर साधारणपणे 80 टक्के किंवा त्याहून अधिक जण हयात असतात, आणि यकृताच्या इतर अनेक आजारांच्या तुलनेत हा निकाल चांगला मानला जातो, कारण हे रुग्ण बहुधा तरुण असतात आणि त्यांचे हृदय, फुफ्फुसे वगैरे धडधाकट असतात. मी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तो आकडा केवळ हयात असणाऱ्यांचा आहे, त्यांच्या नव्या यकृताचे काय झाले याचा नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही आणि मीही पुढे काही विचारले नाही.

माझ्या आजाराचे नाव प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, थोडक्यात पीएससी. मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस मला आधीपासून होता, आणि पीएससीच्या बहुसंख्य रुग्णांना आतड्याचा असा दाह असतोच. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, काहीही त्रास होत नसताना, नेहमीच्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताला अडथळा झाला की रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढलेले दिसले आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचे एमआरआय चित्रण, करण्यात आले. पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या नलिका दिसायला हव्या होत्या. त्याऐवजी कोठे अरुंद, कोठे फुगलेल्या, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या नलिका दिसत होत्या. दाहामुळे नलिकांच्या भिंती वणासारख्या घट्ट होतात, पित्त अडते आणि अडलेल्या पित्तामुळे हळूहळू यकृतच निबर होत जाते. हा क्रम थांबवील असे सिद्ध झालेले औषध नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्तातले आकडे सुधारतात, परंतु 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच औषधाची मोठी मात्रा घेणाऱ्यांची प्रकृती उलट अधिक बिघडली होती, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि माझी मात्रा मर्यादितच ठेवली.

पहिली सहा वर्षे बरी गेली. सातव्या वर्षी खाज सुरू झाली. खाज हा शब्द फार किरकोळ आहे, आणि ज्यांनी ती भोगलेली नाही त्यांना तो किरकोळच वाटतो. तळहात आणि तळपायांपासून ती सुरू होई, रात्री वाढे, आणि त्वचेवर ना पुरळ ना गांधी, त्यामुळे दाखवायलाही काही नसे. मी नखे मुळापर्यंत कापली, हातांत मोजे घालून झोपलो, पहाटे तीन वाजता थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलो. तरीही सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असतच. कोलेस्टिरामिनची भुकटी थोडी उपयोगी पडली, पण ती इतर औषधे शोषून घेत असल्याने बाकीच्या गोळ्या तिच्यापासून काही तास दूर ठेवाव्या लागत, आणि माझा अर्धा दिवस त्या वेळापत्रकातच जाई. पुढे रिफाम्पिसिनने काही महिने झोप मिळवून दिली.

याच काळात हुडहुडी भरून ताप येण्याचे प्रसंग वाढले. पहिल्या खेपेस एका डॉक्टरांनी तो साधा विषाणूजन्य ताप समजून दोन दिवस घरी थांबायला सांगितले, आणि तिसऱ्या दिवशी मी पिवळा पडून रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या अवस्थेत दाखल झालो. तेव्हापासून थंडी वाजून ताप आला की कोणाचेही मत न घेता थेट रुग्णालय गाठायचे, असा नियम पत्नीने घालून दिला. एंडोस्कोपीने अरुंद नलिका फुग्याने रुंद केल्या जात, आणि प्रत्येक वेळी ब्रशने पेशी घेऊन तपासल्या जात, कारण या आजारात पित्तनलिकेच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो आणि तो कर्करोग साध्या आकुंचनासारखाच दिसू शकतो. पेशींच्या अहवालाची वाट पाहण्याचे ते आठवडे मला शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले.

प्रतीक्षायादीचा हिशेब मात्र वेगळाच निघाला. अनेक ठिकाणी यादीतला क्रम मेल्ड नावाच्या गुणांकावर ठरतो. 6 ते 40 पर्यंतचा हा गुणांक जितका जास्त, तितकी प्रकृती गंभीर. तो मुळात बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) आणि रक्त गोठण्याची चाचणी यांवर बेतलेला असून पुढे त्यात सोडियमचीही भर पडली. त्यात खाज नाही, रात्रीचे जागरण नाही, तीनदा झालेला जंतुसंसर्ग नाही. माझे गुण बराच काळ 15 च्या आसपास घुटमळत राहिले. हा गुणांक मृत्यूचा नजीकचा धोका चांगला ओळखतो, हे मला मान्य आहे. पण पीएससीचा रुग्ण त्या गणितात आहे त्यापेक्षा बरा दिसतो, हेही तितकेच खरे. दरम्यान धाकटा भाऊ यकृताचा भाग द्यायला पुढे आला. आठवडाभर त्याच्या तपासण्या झाल्या आणि उजवा भाग काढल्यावर त्याच्याकडे पुरेसे यकृत उरणार नाही, असे निष्पन्न झाले. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, जणू चूक त्याचीच होती. अखेर चौदा महिन्यांनी, गुण 22 वर पोहोचल्यावर, एका मृत दात्याचे यकृत मला मिळाले.

शस्त्रक्रियेबद्दल एकच बाब सांगतो, कारण तिचा पुढे संबंध येतो. माझी मूळ मुख्य पित्तनलिकाही रोगट असल्याने दात्याची नलिका तिला न जोडता लहान आतड्याच्या एका वळवून आणलेल्या भागाला थेट जोडण्यात आली. या आजारात ही पद्धत पूर्वापार वापरली जाते. मात्र त्यानंतर तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकांपर्यंत पोहोचणे फार अवघड होते. शुद्धीवर आल्यावर शल्यविशारदांनी सांगितले, की रक्तपुरवठा सुरू करताच नव्या यकृताने टेबलावरच पित्त तयार करायला सुरुवात केली होती. चौथ्या रात्री मला जाग आली ती परिचारिकेने तपासणीसाठी उठवले म्हणून, खाजेने नव्हे.

नवव्या दिवशी यकृताचे एन्झाइम वाढले, बायोप्सीत, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, शरीर नवे यकृत नाकारत असल्याचे दिसले, आणि तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड देण्यात आले. पीएससीच्या रुग्णांत हे तुलनेने अधिक आढळते, असे कळल्यावर भीती कमी झाली. 1963 साली अमेरिकी शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी केलेल्या पहिल्या यकृत प्रत्यारोपणातला रुग्ण वाचला नव्हता, आणि ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने रुळली ती 1980 च्या दशकात, शरीराला नवे यकृत नाकारू न देणारे सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यानंतर. मला त्याच कामाचे टॅक्रोलिमस दिले जाते. बारा-बारा तासांनी, घड्याळाच्या काट्यावर. पहिल्या वर्षी त्याने हात इतके थरथरत, की बँकेत माझी सही जुळेना. मोठ्या आतड्याची वार्षिक दुर्बीण-तपासणी मात्र सुटली नाही. यकृत बदलले तरी आतडे जुनेच आहे आणि त्यातला कर्करोगाचा धोका कायम आहे.

चौथ्या वर्षी अल्कलाइन फॉस्फटेज पुन्हा चढू लागले. एमआरसीपीत यकृताच्या आतल्या नलिकांवर तीन ठिकाणी आकुंचन दिसले. लगेच निदान झाले नाही, आणि ते योग्यच होते : पित्तनलिकांना रक्त पुरवणारी यकृतधमनी बंद पडली तरी असेच चित्र दिसते, म्हणून आधी रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर सोनोग्राफी झाली, जोडाच्या जागी अडथळा नाही ना, शरीर यकृत जुनाट स्वरूपात नाकारत नाही ना, हे बायोप्सीने पाहिले गेले. सर्व शक्यता वगळल्यावर उरला तो मूळ आजार. साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला तो नव्या यकृतात परत येतो आणि त्यांतील काहींना दुसरे प्रत्यारोपण लागते, हे डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितले. हे आधी का सांगितले नाही, असे मी जरा रागानेच विचारले. त्यांनी माझी जुनी फाइल उघडून संमतिपत्राचे दुसरे पान दाखवले. तेथे ते स्पष्ट लिहिलेले होते आणि खाली माझी सही होती, थरथर सुरू होण्याआधीची, सुबक.

आता प्रत्यारोपणाला साडेपाच वर्षे झाली. बिलिरुबिन सामान्य आहे, खाज नाही, मी पूर्णवेळ काम करतो. वहीतल्या त्या दोन रेघांखाली मी आणखी एक रकाना आखला आहे, त्यात दर तीन महिन्यांचे अल्कलाइन फॉस्फटेज लिहितो. मागचे तीन आकडे जवळपास सारखेच आहेत. पुढची तपासणी गुरुवारी आहे. रक्त देईपर्यंत टॅक्रोलिमसची सकाळची गोळी घ्यायची नाही, म्हणून ती एका डबीत घालून शर्टाच्या खिशात ठेवीन.