विज्ञानाच्या नोंदी आणि अडलेली एक सही

सहावीच्या सामान्य विज्ञानाची मूल्यमापन नोंदवही तपासून सही घ्यायची, एवढंच काम उरलं होतं. पेपर झाला, तपासला, गुण चढवले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. भाषा, गणित, इंग्रजीला संकलित म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीच्या छापील प्रश्नपत्रिका वरून येतात. विज्ञानाची आमची आम्हीच काढतो, त्यामुळे ते काम निमूट उरकतं. घोडं अडलं ते वर्णनात्मक नोंदींवर, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या नोंदींवर.

नव्याने रुजू झालेल्यांसाठी थोडक्यात सांगते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सहावीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायचं, ५० आणि संकलित ५०. संकलितातले १० तोंडी-प्रात्यक्षिकाचे, ४० लेखीचे. आकारिकासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनतंत्रं. गुणांची श्रेणी करायची, ९१ पासून पुढे अ-१. आणि या सगळ्यावर प्रत्येक मुलाची शब्दांत नोंद.

माझ्या नोंदी अशा होत्या. तरफेच्या पाठाला, "अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ सरकवली की कमी जोर लागतो, हे करून दाखवलं. टेकू, भार, बल बोटाने बरोबर दाखवले. वहीतल्या आकृतीत मात्र भार आणि बलाची अदलाबदल." किंवा बारीक भोकाच्या खोक्यातून प्रतिमा पाहण्याच्या प्रयोगाला, "सूचिछिद्र प्रतिमाग्राहकात मेणबत्ती उलटी का दिसते ते सांगता आलं नाही. भोक मोठं केल्यावर प्रतिमा पुसट होते, हे वर्गात सगळ्यांत आधी हिने पाहिलं." अडकित्तावाला मुलगा लेखीत जेमतेम पास होतो. त्याच्या हातात वस्तू दिली की तो वेगळाच असतो. हे नोंदवहीत नाही लिहायचं तर कुठे लिहायचं?

तपासणीला बसलेल्या साहेबांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, "बाई, या नोंदी नाहीत, या तर गोष्टी झाल्या." मग नमुना म्हणून दुसऱ्या शाळेची वही पुढे केली. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगतो. प्रयोगात रस घेतो. साहित्य काळजीपूर्वक हाताळतो. ही वाक्यं तुम्हालाही पाठ असतील. शिक्षकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर विषयवार पीडीएफ फिरत असते. अख्ख्या वर्गाला तीच वाक्यं, फक्त मुलगी आली की बाळगतोचं बाळगते. मी विचारलं, "कोणत्या प्रयोगात रस घेतला, हे यावरून कसं कळणार, साहेब?" उत्तर आलं, "वरून पथक आलं तर सगळ्या शाळांचं एकसारखं दिसायला हवं. वही ठेवून जा."

वही ठेवली आणि अडकले. नंतर गेले तर साहेब प्रशिक्षणाला. पुढे बैठक. मग म्हणे सगळ्या वह्या एकदमच बघणार. एप्रिलचं ऊन, सकाळची शाळा सुटल्यावर एसटीने साहेबांकडे जायचं आणि कपाटावर आपलीच वही धूळ खात पडलेली लांबून बघून परत यायचं. हात लावायची सोय नाही, कारण "साहेबांनी ठेवलीय". १ मेला झेंडावंदन झालं की निकाल वाटायचा असतो. सहीशिवाय प्रगतिपत्रकं भरता येईनात. शेजारच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, "मॅडम, पीडीएफ उतरवून काढा, एका दुपारचं काम आहे." त्यांचं चुकीचं नव्हतं, त्यांच्याकडे दोन वर्ग आहेत. पण मला संताप आला होता, तेव्हा नाहीच म्हटलं. वर्षभर हाताने प्रयोग करून घ्यायचे आणि शेवटी कागदावर सगळी मुलं एकाच साच्यातून काढायची, तर प्रयोग करायचेच कशाला?

सुटका शेवटी दोन गोष्टींनी झाली. शासन निर्णयाची प्रत शासनाच्या संकेतस्थळावरून काढली आणि विषयाच्या स्वरूपानुसार शिक्षकाने साधनतंत्रं निवडावीत या मुद्द्याखाली पेन्सिलने रेघ मारली. दुसरं, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं ते, क्रमांकासह छापलेल्या असतात, सहावी विज्ञानाच्या ०६.७२ ने सुरू होणाऱ्या. प्रत्येक नोंदीच्या समासात लाल शाईने तिला लागू असलेल्या निष्पत्तीचा क्रमांक घातला. नोंदीचा एक शब्द बदलला नाही. साहेबांनी क्रमांक पाहिले, "हां, आता कसं," म्हणाले आणि न वाचता सही ठोकली. न वाचता! आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण परतीच्या एसटीत ते "न वाचता" डोक्यातून जाईना.

तर क्रमांक पहिल्या दिवसापासून घाला, शेवटी घालायला बसाल तर मान मोडते. आणि वही कधीही ठेवून येऊ नका. ठेवावीच लागली तर आधी सगळ्या पानांचे फोटो काढा.

प्रात्यक्षिक अख्ख्या वर्गाचं एकदम घेऊ नका. चार-पाच जणांचा गट टेबलाजवळ, बाकीच्यांना आकृती काढायला बसवा. जे दिसेल ते लगेच चिठ्ठीवर, तारीख घालून. मी चिठ्ठ्या खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकते आणि शनिवारी वहीत उतरवते. संध्याकाळी आठवून लिहिलं की हटकून "रस घेतो"च लिहिलं जातं, अनुभव आहे. नोंदीत मुलाने काय केलं ते क्रियापद असू द्या: सरकवलं, मोजलं, विचारलं, सोडून दिलं. "सुधारणा आवश्यक" या रकान्यात "सराव हवा" लिहून मोकळं होऊ नका, आकृतीतला बाण चुकतो तर बाण चुकतो असंच लिहा. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला तेच कामाला येतं.

हो, एक राहिलंच. अडकित्ता मुलांना घरून आणायला सांगू नका, दप्तरातून येतो तेव्हा धार उघडी असते. आपणच एक आणावा, आणि तरफेच्या पाठाला कच्ची सुपारी घ्यावी, भाजलेली पटकन फुटते आणि फरक हाताला कळत नाही.