लिऊ त्सिशिन यांचे वैतागलेले वाचक

पृथ्वीवर चालून येणाऱ्या परग्रहवासीयांची कथा सांगणाऱ्या, चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या कादंबरीत्रयीविषयी वाचकांमध्ये तट पडलेले आहेतच, पण त्याहून गमतीची गोष्ट अशी की एकच वाचक एखाद्या प्रकरणावर लुब्ध असतो आणि पुढच्याच प्रकरणावर वैतागतो. शान्शी प्रांतातील एका वीजकेंद्रात अभियंता म्हणून नोकरी करताना लिहिणाऱ्या या लेखकाची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही त्रयीतील पहिली कादंबरी २००६ मध्ये एका चिनी विज्ञानकथा मासिकातून क्रमशः आली आणि २००८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. केन लिऊ यांनी २०१४ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाला पुढच्या वर्षी विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

मतभेदाचे एक कारण पुस्तकाच्या रचनेतच आहे. सांस्कृतिक क्रांतीचे प्रसंग चिनी पुस्तकात मधल्या प्रकरणांत होते, तर इंग्रजीत ते लेखकाच्या मूळ योजनेप्रमाणे आरंभी आले. त्यामुळे इंग्रजी वाचक १९६७ सालच्या त्या जाहीर सभेपासून सुरुवात करतो, जिथे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला त्याच्या मुलीच्या, ये वेन्जिएच्या, डोळ्यांदेखत ठार मारले जाते, आणि पुढचे सारे तो तिच्या सूडाची कथा म्हणून वाचतो. चिनी वाचकापुढे मात्र आधी शास्त्रज्ञांच्या आत्महत्यांचे रहस्य आले होते.

कल्पकतेबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही. कादंबरीतल्या एका संगणकीय खेळात प्राचीन चीनचा सम्राट छिन शी ह्वांगच्या तीन कोटी सैनिकांनी काळे-पांढरे झेंडे वर-खाली करून चालवलेला संगणक, किंवा प्रोटॉनची घडी उलगडून त्याचा ग्रहाएवढा पडदा करायचा, त्यावर विद्युत्परिपथ कोरायचे आणि पुन्हा घडी घालायची, ही कल्पना केवळ शोभेसाठी आलेली नाही. कथानकाचा भार अशाच कल्पनांवर उभा आहे. भौतिकशास्त्र जाणणारे वाचक मात्र इथेच अडतात. कादंबरीतले परग्रहवासी क्वांटम गुंतागुंतीच्या (दूरच्या कणांमधील परस्परसंबंधाच्या) साहाय्याने संदेश पाठवतात, पण तसे प्रकाशापेक्षा वेगाने करता येत नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. हे परग्रहवासी जिथून येतात, त्या अल्फा सेंटॉरी या तारकासमूहातील दोन मोठे तारे साधारण ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात आणि तिसरा, प्रॉक्झिमा, इतका दूर आहे की कादंबरीतील तीन सूर्यांचा थयथयाट तिथे संभवत नाही, हेही खरे. मला यातले काहीच फारसे खटकले नाही, कारण एकदा मांडलेले नियम लेखक पुढे बहुतांशी पाळतो आणि त्यांचे परिणाम पात्रांना चुकवू देत नाही.

खरी खडाजंगी पात्रांवरून होते. माणसे पुठ्ठ्याची आहेत, ती बोलत नाहीत तर व्याख्याने देतात, ही तक्रार मराठी विज्ञानकथेच्या वाचकालाही ओळखीची वाटेल. चार शतकांनंतर येऊ घातलेल्या आक्रमणाची कथा सांगताना व्यक्ती लहान होणारच, असा बचाव चाहते करतात, आणि तो मला काही अंशी पटतो. परंतु दुसऱ्या भागात, ‘द डार्क फॉरेस्ट’मध्ये, नायक लुओ जी मनात एक आदर्श स्त्री रचतो आणि जगाच्या रक्षणासाठी मिळालेले अधिकार वापरून तिच्यासारखी खरी स्त्री शोधून आणवतो, त्या भागाला हा बचाव लागू पडत नाही. तिथे ब्रह्मांडाचा काही संबंध नाही. तिथे लेखकाला स्त्री लिहिता आलेली नाही, एवढेच.

आता तिसऱ्या भागातील, ‘डेथ्स एंड’मधील, नायिका छंग शिन. (ज्यांना शेवट आधी कळू द्यायचा नसेल, त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) पृथ्वी आणि शत्रू अशा दोन्ही संस्कृतींचा विनाश ओढवेल असा संदेश अवकाशात सोडण्याची धमकी देऊन शत्रूला रोखलेले असते; ती कळ लुओ जीकडून तिच्या हाती येते, शत्रू काही मिनिटांतच हल्ला करतो आणि ती कळ दाबत नाही. पुढे त्या जागेसाठी तिचा प्रतिस्पर्धी असलेला निष्ठुर थॉमस वेड प्रकाशवेगी यानांसाठी शस्त्र उचलायला निघतो, तेव्हाही ती त्याला थांबवते. यावरून असंख्य वाचकांनी, विशेषतः चिनी वाचकांनी, तिच्यावर इतकी आगपाखड केली आहे की तिच्यापुढे खलनायकही भाग्यवान वाटावेत. पुठ्ठ्याच्या बाहुलीवर कोणी असे चिडत नाही. शिवाय तिला त्या जागी बसवले होते लोकांनीच. लुओ जीची त्यांना भीती वाटत होती, वेड नकोसा होता, आणि आपल्यासारखीच कोमल मनाची व्यक्ती हवी होती. कादंबरीतील माणसे हे सोयीस्करपणे विसरतात आणि वाचकांपैकीही बरेच जण विसरतात. मात्र दोन्ही वेळा हळवा निर्णय स्त्रीकडून आणि कठोर निर्णय पुरुषाकडून करवून घेण्याची योजना लेखकाची आहे, आणि त्याबद्दल स्त्री-वाचकांनी घेतलेला आक्षेप मला या सगळ्या वादातील सर्वांत वजनदार वाटतो.

पहिल्या भागातच कंटाळलेल्या वाचकांना मी पुढे जाण्याचा आग्रह करत नाही. दुसऱ्या भागाचा पूर्वार्ध त्याहून संथ आहे. पण उत्तरार्धात एक गुळगुळीत, थेंबाच्या आकाराचे यान पृथ्वीच्या जवळजवळ संपूर्ण आरमाराला भेदून जाते, आणि ती पाने वाचली नाहीत तर चाहते एवढे कशासाठी भांडतात, हे कळणार नाही.