खांबाचा पाय

नागपूरच्या महाल भागात काम असलं की सामान सकाळी लवकर पोचवावं लागतं. नंतर बडकस चौकातून हातगाडीही निघत नाही. त्या दिवशी एका खासगी वाड्याच्या ओसरीतला सागवानी खांब खालून कापायचा होता. 'वाडा खचला, पाडाच,' असं कोणीतरी घरच्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

पटाशी टोचून पाहिली तर खालचा दीडेक फूट नुसता भुसा, वर मात्र लाकूड ठणठणीत. खरा रोग भिंतीत होता. चुन्यात बांधलेल्या विटांवर कधीकाळी सिमेंटचा गिलावा चढवलेला. चुन्यातून ओल सुकून जाते, सिमेंट तिला कोंडतं. मग ती वर चढते, मिठाचे पापुद्रे धरतात. त्यात वाड्याच्या आतल्या चौकातली नाली बुजवून वर टाइल्स बसवलेल्या. पावसाचं पाणी थेट तळखड्याशी, म्हणजे खांबाखालच्या दगडाशी.

खांबावरच्या आडव्या तुळईला दोन्हीकडून टेकू दिले, जॅक लावला. मिस्त्रींनी वर मान करून मला विचारलं, "मॅडम, माडीवर कोणी चालून तर नाही राहिलं नं?" चालत होत्या. आजींची पूजा सुरू होती.

"खांब माझ्या सासूच्या आधीपासून उभा हाय," वरून आवाज आला, "आरती होईस्तोवर पडते थोडाच!"

थांबलो. काय करणार!

मग तुळई जेमतेम सुतभर उचलली. कर्रर्र झालं तसा सगळ्यांचा श्वास अडकला. सडका पाय कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्यात बसवला, खुंट्या ठोकल्या. नवं लाकूड आकसतं, म्हणून पाडलेल्या वाड्यांचं सागवान विकत घ्यावं लागतं. एक वाडा पडतो तेव्हा दुसऱ्याला पाय मिळतो. हा हिशेब मला अजून पचलेला नाही.

भोसल्यांचा कोरीव लाकूडकामाचा राजवाडा 1864 मध्ये जळाला, नगारखाना तेवढा उरला. जुम्मा दरवाजा, म्हणजे आताचं गांधी गेट, रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून त्याच्या डागडुजीबद्दल बोललं तरी जातं. गल्लीतल्या ओसरीची चौकशी कोण करतो? महालाचा कायापालट म्हटला की दिवे आणि रंग आधी येतात.

संध्याकाळी घरच्यांनी विचारलं, पॉलिश कधी? मी म्हटलं, आधी टाइल्स उखडू, नाली मोकळी करू, सिमेंट खरवडू. पैसे उरले तर पॉलिश. आजींनी लगेच मान डोलावली. मुलाला मात्र टाइल्सचं वाईट वाटलं, त्यानेच बसवल्या होत्या.