अक्षता गेल्या आणि परत आल्या: कलर निगेटिव्ह स्कॅनिंग, रोल ११ ते १४

घरच्या जुन्या निगेटिव्हपैकी रोल ११ ते १४ या आठवड्यात स्कॅन करून संपले. चारही आत्याच्या लग्नाचे, मे १९९४, चिपळूण, बाबांचा कॅमेरा आणि वर लावलेला फ्लॅश. डस्ट रिमूव्हल (धूळ पुसणं) आणि ग्रेन रिडक्शनचं (फिल्मचा रवाळपणा कमी करणं) काय करायचं हे मागचे दोन महिने डोक्यात घोळत होतं, ते आता पक्कं झालंय, आणि ते एका फ्रेममुळे झालं म्हणून आधी तीच सांगतो.

रोल १२, फ्रेम २१. अंतरपाट नुकताच बाजूला झालाय, आत्याने हार उचललाय आणि वरून अक्षता पडतायत. फ्लॅशमुळे त्या हवेतच थांबल्यात, बारीक पांढरे ठिपके, काही मुंडावळ्यांवर टेकलेले, काही अजून अधांतरी. आता गंमत बघा, निगेटिव्हवर धूळ बसली की तिथून लाइट जात नाही, म्हणजे तो ठिपका काळा येतो आणि पॉझिटिव्ह केलं की पांढरा होतो, म्हणजे दिसायला डिट्टो अक्षता. मी वेळ वाचवायला हा रोल आधी स्कॅनरची धूळ ओळखणारी इन्फ्रारेडची सोय बंद ठेवून स्कॅन केला होता आणि नंतर एडिटिंगमध्ये धुळीचा फिल्टर मारला होता. हा फिल्टर फक्त आजूबाजूपेक्षा वेगळे दिसणारे छोटे ठिपके शोधतो आणि पुसतो. धूळ गेली, फोटो स्वच्छ दिसला, मी खुश होऊन आत्याला पाठवला. तिचा फोन आला, "अरे, अक्षता कुठायत? माझ्याकडच्या प्रिंटमध्ये तर आहेत." खूप वाईट वाटलं, कारण त्या फोटोत तेवढंच तर होतं.

मग चारही रोल परत काढले, इन्फ्रारेड चालू करून. ज्यांनी नुकतंच सुरू केलंय त्यांच्यासाठी सांगतो, सी-४१ प्रोसेसमध्ये, म्हणजे कलर निगेटिव्ह डेव्हलप करायच्या नेहमीच्या पद्धतीत, ब्लीच आणि फिक्सरमध्ये चांदी निघून जाते आणि फिल्मवर फक्त सायन, मॅजेंटा, यलो असे तीन डाय (रंगद्रव्यं) उरतात. हे डाय इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात, पण धूळ, केस, ओरखडे नसतात. त्यामुळे स्कॅनर एक जादा पास (स्कॅनची फेरी) इन्फ्रारेडने मारतो आणि त्यात फोटो दिसतच नाही, दिसते ती फक्त घाण. डिजिटल आइस म्हणतात ते हेच, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या अप्लाइड सायन्स फिक्शन नावाच्या कंपनीचं काम, पुढे २००३ मध्ये कोडॅकने ती घेतली. मी फ्रेम २१ चा इन्फ्रारेड चॅनल वेगळा काढून बघितला. फिकट राखाडी, जवळजवळ कोरा कागद, त्यावर काळे ठिपके आणि भटजींच्या उपरण्यावर आडवा पडलेला एक लांब केस. अक्षता एकही नाही! म्हणजे अक्षता फोटोत आहेत आणि केस फिल्मवर आहे हा फरक स्कॅनरला खरोखर कळतो, अंदाज करावा लागत नाही.

तरीही या धूळ काढण्याची लेव्हल लाइटच (सगळ्यात सौम्य) ठेवा असं माझं ठाम मत झालंय. मीडियमवर नथीचे मोती एकमेकांत मिसळायला लागले आणि हेवीवर पैठणीच्या काठाची जर पुसट झाली. निगेटिव्ह वाकडं असेल आणि दोन पासच्या मध्ये जरा जरी हललं तर कडा आणखी बिघडतात, म्हणून स्ट्रिप आधी दोन दिवस जाड पुस्तकाखाली ठेवतो. आणि स्कॅनच्या आधी ब्लोअर मारायचाच, दोन्ही बाजूंनी, कारण जी धूळ फिल्मवर नाहीच ती काढताना काही बिघडत नाही.

रोल १४ च्या दोन स्ट्रिपना बुरशी आहे, कोकणातली हवा, दुसरं काय होणार. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. जाड धागे इन्फ्रारेडला दिसतात, पण जिथे बुरशीने जिलेटिनच खाल्लंय तिथे डायच उरलेला नाही, मग सॉफ्टवेअर आजूबाजूचा रंग भरतं. भिंतीवर चालतं, चेहऱ्यावर नाही, तिथे मी हात लावला नाही. पाण्याने धुवायला अजिबात जाऊ नका, बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं.

आता ग्रेन. इथे इन्फ्रारेडसारखा साक्षीदारच नाही. कलर निगेटिव्हचा ग्रेन म्हणजे डायचेच बारीक ढग, म्हणजे फोटो ज्याचा बनलाय तेच, त्यामुळे ग्रेन कुठे संपतो आणि साडीचा पोत कुठे सुरू होतो हे सॉफ्टवेअर निव्वळ अंदाजाने ठरवतं. रोल १३ चारशे आयएसओचा (कमी उजेडासाठीची जास्त संवेदनशील फिल्म) आहे, रात्रीच्या पंगतीचा, फ्लॅश मागच्या ओळीपर्यंत पोचलेला नाही, तिथे ग्रेन खूप आहे. रिडक्शन लावून बघितलं तर आजीच्या गालावरच्या सुरकुत्या गेल्या आणि आजी मेणाची दिसायला लागली. लगेच बंद केलं. एकाच फ्रेमचे चार-चार पास घेऊन सरासरी काढायचंही करून बघितलं, त्याने स्कॅनरचा स्वतःचा नॉइज कमी होतो, ग्रेन हलत नाही, कारण तो प्रत्येक पासमध्ये त्याच जागी असतो.

जे उपयोगी पडलं ते अगदी साधं आहे. ३२०० डीपीआयला (इंचाला ३२०० ठिपके) स्कॅन, म्हणजे साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल, आणि शेअर करायची कॉपी निम्म्या मापाची. चार पिक्सेलचा एक होतो तेव्हा ग्रेन आपोआप दबतो आणि सहा बाय चारच्या प्रिंटला तेवढे पिक्सेल भरपूर होतात. शिवाय आता मूळ रॉ फाइल (काहीही न पुसलेली) इन्फ्रारेड चॅनलसकट सेव्ह करतो, चार चॅनल, प्रत्येकी १६ बिट, एका फ्रेमला सुमारे ११० एमबी. डिस्क भरते, पण उद्या लेव्हल बदलावीशी वाटली तर निगेटिव्ह परत बाहेर काढावं लागणार नाही.

आत्याला नवीन फ्रेम २१ पाठवली. तिने झूम करून मोजायला सुरुवात केली म्हणे.

पुढचा रोल १५ ब्लॅक अँड व्हाइट आहे, त्यात चांदी तशीच असते आणि ती इन्फ्रारेडलाही अडवते, म्हणजे सगळा फोटोच घाण समजला जाईल. तिथे इन्फ्रारेड बंद, ब्लोअर, मऊ ब्रश आणि एकेक ठिपका हाताने. दोन आठवडे तरी लागतील.