अननस-पोर्क अपडेट: लगद्याचा गुन्हेगार सापडला

शेवटी सुटलं एकदाचं! अननसाच्या रसात मुरवून सिगडीवर भाजलेल्या पोर्कचा मागचा फोटो आठवत असेल, वरून झकास लालभडक आणि बोट लावलं की वरचा थर पिठल्यासारखा निघून येतोय, आत मात्र तसंच चिवट. कोणी म्हणालं व्हिनेगर जास्त झालं, कोणी म्हणालं पोर्क फ्रोझन असणार. व्हिनेगर निम्मं केलं, सकाळी लवकर जाऊन खाटकाकडून ताजा खांदा आणला, तरी तेच!

मग एकाच खांद्याचे तुकडे घेतले, मसालाही तोच (ब्याडगी, लसूण, आलं, मिरी, गूळ, मीठ आणि चमचाभर बॉटल मसाला, म्हणजे मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांचा मिश्र मसाला), फक्त अननस वेगवेगळा. एका डब्यात कच्चा रस, दुसऱ्यात उकळून गार केलेला, तिसऱ्यात टिनमधला. रात्रभर फ्रीज. सकाळी कच्च्या रसाचा डबा उघडला तर तुकड्यांच्या कडा फुगून पांढुरक्या झालेल्या आणि तळाला दुधट चिकट पाणी. बाकी दोन्ही डबे एकदम टणटणीत.

म्हणजे भानगड ब्रोमेलेनची. अननसातलं हे एन्झाइम प्रोटीन तोडतं, आणि मधल्या दांड्यात ते जास्त असतं, जो आपण सगळेच रस भरपूर निघावा म्हणून मिक्सरमध्ये ढकलतो. मॅरिनेडमधलं मीठ तेवढं आत शिरतं, बाकी सगळं वरच्या काही मिलिमीटरमध्येच अडकतं, म्हणून वर लगदा आणि आत काहीच फरक नाही. ७०-८० डिग्रीच्या वर तापवलं की ब्रोमेलेन निकामी, टिनमधला अननस आधीच तापवलेला असतो म्हणून तो निरुपद्रवी. पण टिनवाला पाकात बुडवलेला, नुसता गोडमिट्ट, मला नाही आवडत.

आता रस पुरेसा उकळला का हे कसं कळणार? यावर जुगाड सापडलाय आणि मी जाम खूश आहे. वाटीत जिलेटिनची जेली सेट करायची, वर चमचाभर गार केलेला रस ओतून ठेवायचा. सकाळी जेली पातळ झाली तर एन्झाइम अजून जिवंत, घट्ट असेल तर बिनधास्त वापरा. फक्त पाकीट नीट वाचून घ्या, आपल्याकडची बरीच जेली व्हेज असते आणि तिच्यातल्या चायना ग्रासला (समुद्री शेवाळापासून बनतं ते) ब्रोमेलेन काही करत नाही कारण त्यात प्रोटीनच नाही, मग टेस्ट फुकट.

बाकी प्रगती: गूळ आणि फळाची साखर जळून काळी पडण्याचा प्रॉब्लेम बराच आटोक्यात. कोळसे सिगडीच्या एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आणि उकळून निम्मा आटवलेला रस गूळ-मिरची घालून शेवटच्या दहा मिनिटांतच ब्रशने लावायचा. कडेला जे चिकट, तिखटगोड कुरकुरीत झालंय ना, ते ताटात वाढायच्या आधीच संपलं. ब्रिकेट्स (भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) मात्र पुन्हा आणणार नाही, वास बसतो, साधा लाकडी कोळसाच बरा. आणि मांसात खुपसून आतलं तापमान दाखवणारा प्रोब थर्मामीटर घ्याच. २०११ पासून अमेरिकेच्या कृषी खात्याच्या (यूएसडीए) हिशोबाने अख्ख्या तुकड्याला ६३ डिग्री आणि वर तीन मिनिटं विश्रांती चालते, पण खांदा ९० च्या पुढे नेल्याशिवाय मऊ होतच नाही, अंदाजाने काढाल तर दाताने ओढत बसाल.

रविवारी पोटाचा चरबीवाला तुकडा करणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, आंबटपणासाठी कोकम का नाही? गोव्यात सोलं (कोकमाची वाळवलेली सालं) घालून पोर्क करतातच, आणि त्यात मांस तोडणारं एन्झाइम वगैरे कटकट नाही. आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) घेतलं तर ते खारट, म्हणजे मीठ जवळजवळ काढावं लागेल. तर आता चरबीवाला पुढच्या वेळी. रविवारी अर्धा खांदा आगळ आणि पिकलेला पेरू, अर्धा उकळलेला अननस. पेरूच्या बिया गाळायला बारीक गाळणं लागेल की जाडं पुरेल, कोणी करून पाहिलंय का?